बारकीचं कुलूप

माझ्या ताईला सल्ला द्यायची भारी हौस. ती दातांची डॉक्टर आहे. तिच्यासमोर माणसं दिवसभर तोंड उघडून बसलेली असतात आणि एकालाही उलट उत्तर देता येत नाही. त्यामुळे आपण जे बोलतो ते सगळ्या जगाला पटतं, असा तिचा पक्का समज झालाय. एवढ्यानंही भागत नाही म्हणून वर्षातून एकदा ती नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांच्या मंडळातर्फे मुलींसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवते. त्यात मला दरवर्षी ओढते. वकीलबाई, बँकेतल्या बाई, डॉक्टर एवढ्या जमल्या की शोभेला एक लिफ्टवाली लागते.

मी लिफ्टच्या कंपनीत देखभालीचं काम बघते. शहरातल्या निम्म्या इमारती आमच्याकडे आहेत, आणि त्यातली कुठलीही लिफ्ट अडकली की आतल्या माणसाला आधी देव आठवतो आणि मग माझा नंबर. भाषणाचं म्हणाल तर ते मला कधी जमलेलं नाही. मुलींना काय सांगायचं? कामाला लागा, शिका, हातमोजे घाला. संपलं.

यंदाचा विषय ताईनं स्वतः काढला होता. 'नाही म्हणायला शिका.' जांभळ्या रंगाचा फलक, त्यावर हातभर अक्षरं. फोनवर मला वाचून दाखवताना तिचा आवाज भरून आला होता.

"ताई," मी म्हटलं, "या कार्यक्रमाला मी नाही म्हटलं तर?"

"वेडेपणा करू नकोस. नाव छापून झालंय."

आता बारकीचं सांगायला हवं. बारकी ही ताईची मुलगी. लहानपणी मूठभर होती म्हणून बारकी, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. डिप्लोमा करून ती आमच्याच कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागली. मुलगी घ्यायला साहेब तयार नव्हते. आधीची एक मुलगी त्यांनी उमेदवारी संपताच घरी पाठवली होती, का ते कुणालाच कळलं नाही. बारकीसाठी मी त्यांच्यामागे इतकी लागले की शेवटी ते म्हणाले, घ्या, पण नंतर तुम्ही मधे पडायचं नाही. कार्यक्रमाच्या शनिवारी तिची उमेदवारी संपत आली होती आणि सोमवारी साहेब तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. रोज सकाळी मी तिला एकच सांगायचे. बाई गं, आधी कायम हो, मग काय ती अक्कल पाजळ.

ताईचा कार्यक्रम ज्या इमारतीत होता, तिथली लिफ्ट आमच्याकडेच. सभागृह सातव्या मजल्यावर, लिफ्ट एकच. कार्यक्रमाच्या दिवशी घोडं अडायला नको म्हणून मी मुद्दाम सकाळी लवकर मिस्त्री आणि बारकीला तिथं देखभालीला पाठवलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी पोचले तर लिफ्ट बंद. दारावर आमचीच पिवळी पाटी. पहारेकरी माझ्याकडे असा बघत होता की जणू मी स्वतः ती गिळून बसलेय. चढले जिना. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली आणि तिसऱ्यावर दोघं सापडली. मिस्त्री पायरीवर बसून चहा पीत होता, त्याची हत्यारांची पिशवी भरून शेजारी ठेवलेली. बारकी लिफ्टच्या बाहेरच्या दाराशी गुडघे टेकून, तोंडात विजेरी धरून बसलेली.

"काम झालं?" मी विचारलं.

"माझं झालं," मिस्त्री म्हणाला. "मी माझं कुलूप काढलं. या बाईसाहेबांचं अजून लटकतंय."

हे कुलूप प्रकरण आमच्या धंद्यातलं आहे. लिफ्टचा मुख्य स्विच वरती गच्चीजवळच्या मशिनच्या खोलीत असतो. कामाला लागण्याआधी तो बंद करायचा आणि प्रत्येकानं त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. दोन माणसं असली तर दोन कुलपं, पाच असली तर पाच. किल्ली ज्याची त्याच्या गळ्यात. सगळी कुलपं निघाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, आणि एकाचं कुलूप दुसऱ्यानं काढायचं नाही. साहेबांनीही नाही. एवढं सोपं आहे. कोण लिफ्टच्या खड्ड्यात उतरलंय, कोणाचा हात कुठं आहे, हे वर स्विचपाशी उभ्या असलेल्याला दिसत नाही म्हणून हा नियम. बारकीला तो मीच पहिल्या दिवशी शिकवला होता.

"काय झालंय?" मी बारकीला विचारलं.

तिनं तोंडातली विजेरी काढली. "मावशी, हे दार उघडलं. लिफ्ट खाली होती आणि मी इथून नुसता हात लावला तर दार सरकलं. समोर सगळा खड्डा."

"किती वेळा?"

"एकदा."

"मग परत?"

"परत नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि दार लावलं, ढकललं. कडी घट्ट. परत लावलं, परत ढकललं, खांदा लावून ढकललं, बोटांनी हळूच सरकवून पाहिलं. माझा अर्धा जन्म या दारांमध्ये गेलाय. कडी एकदाही सुटली नाही.

"मीही करून बघितलंय," मिस्त्री चहा फुंकत म्हणाला. "हिनं आधी दार नीट लावलंच नसेल. नवीन पोरांना भास होतात."

"मी लावलं होतं," बारकी म्हणाली.

"आता काय करायचंय तुला?"

"ही अख्खी कडी बदलायची. गोदामात सांगितलंय. गाडी दुपारी येणार."

दुपारी! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कार्यक्रम तासाभरावर आलेला, सातव्या मजल्यावर खुर्च्या मांडलेल्या, आणि प्रमुख पाहुण्या कोण तर निवृत्त न्यायाधीशबाई, ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली.

"तिसऱ्यावर दारापुढं टेबल आडवं टाकू आणि लिफ्ट चालू करू," मिस्त्रीनं मार्ग काढला. तो काही वाईट माणूस नाही, वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, त्याच्या हातून कधी अपघात झालेला नाही.

बारकीनं मागच्या दाराकडे बोट केलं. तिथं लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग होता. "बाराला पोरं येतात. टेबल सरकवून त्याच्याखाली लपतात ती. मी विचारलं तिथल्या बाईंना."

तेवढ्यात वरून चपलांचा फटफटाट करत ताई उतरली. जांभळा कोट, छातीवर फूल, चेहरा लाल.

"कोणी बंद केलीय ही?"

"मी," बारकी म्हणाली.

"तू? म्हणजे माझ्या कार्यक्रमाला माझीच मुलगी? अगं न्यायाधीशबाई खाली येऊन बसल्यात! काढ आधी ते कुलूप."

"आई, काम झालं नाही अजून."

"तुझी मावशी सांगतेय ना काही बिघाड नाही म्हणून?" मी असं काही म्हटलं नव्हतं, पण म्हणायच्या बेतात होते. "अगं, लोक काय म्हणतील? आईची अब्रू घालवायची ठरवलीस का तू? सात मजले बायका चढून आल्यात. तुला मोठ्यांचं ऐकायचं वळणच नाही!"

तिच्या छातीवरच्या फुलाखाली छापील बिल्ला होता. त्यावर लिहिलेलं, 'नाही म्हणायला शिका.' लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मला हसू यायला हवं होतं, पण कुठलं येतंय. माझाही जीव सोमवारात अडकला होता.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा साहेबांचा फोन आला. इमारतीच्या मालकानं त्यांना उठवलं होतं. "मॅडम, तुमच्या भाचीला सांगा, नाटकं बंद करायला. मिस्त्री म्हणतो सगळं ठीक आहे. तुम्ही काय म्हणता?"

"मला बिघाड सापडला नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग झालं तर. काढायला लावा."

"साहेब, कुलूप तिचं आहे."

"नियम मला शिकवू नका. ते तिनं स्वखुशीनं काढायचं आहे, ते मला कळतं. पण मग सोमवारी मीही माझ्या खुशीनं काय ते ठरवीन." ठेवला फोन.

फोनमधला आवाज जिन्यात सगळ्यांना ऐकू गेला होता. बारकीचा चेहरा उतरला. ती उठून उभी राहिली, गळ्यातली किल्ली मुठीत धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू सांग. काढू का?"

त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. हो म्हटलं तर मी शिकवलेलं सगळं पाण्यात. नाही म्हटलं तर सोमवारी तिची नोकरी मी घालवली असं ताई जन्मभर ऐकवणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ही बया मला काठावर उभी करून विचारतेय!

"तुझी खात्री झालीय का?" मी खेकसले.

"नाही."

"मग मला काय विचारतेस? कुलूप माझं आहे का? तुझं तू बघ!"

आणि पिशवी उचलून मी खाली गेले. पाहुण्यांना सामोरं जायला कुणीतरी हवंच होतं.

न्यायाधीशबाईंनी जिद्दीनं दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढला. तिथं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मी आता वरही जाणार नाही आणि खालीही जाणार नाही." खुर्ची आणली. अर्धा तास मंडळाच्या बायका कुजबुजत राहिल्या आणि मग वकीलबाईंनी तोडगा काढला. कार्यक्रम इथंच घ्यायचा. सभागृहातून मुलींना खाली बोलावलं आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्यांवर ओळीनं बसवलं. सरळसोट जिना, मधे वळण नाही. फलक कठड्याला बांधला. आम्ही वक्त्या खालच्या मोकळ्या जागेत उभ्या. समोर पन्नासेक मुली, आणि त्यांच्या डोक्यांच्या वर, जिन्याच्या टोकाला, बारकी. दाराशी एकटीच बसलेली. मिस्त्री दुसऱ्या इमारतीच्या कामाला निघून गेला होता. तिला आमचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

बँकेतल्या बाई बोलल्या. "मुलींनो, वरिष्ठ दबाव आणतील. डगमगू नका." टाळ्या. मधेच त्यांनी आवाज खाली आणून ताईला विचारलं, "अजून चालू होत नाहीये का हो? माझी कंबर..." वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्या मनाला जे पटत नाही ते करू नका, मग समोर कुणी का असेना." पुन्हा टाळ्या. न्यायाधीशबाईंनी मान डोलवली आणि शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या लिफ्टवाल्या मुलीला काही पोच नाही." मग ताई बोलली. सुंदर बोलली, नेहमीच बोलते. 'नाही' या शब्दावर तिनं घसा बसेपर्यंत सांगितलं आणि त्या सबंध वेळात एकदाही वर पाहिलं नाही.

माझी पाळी आली तोवर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मी लिफ्टवाली," मी म्हटलं. "आज लिफ्ट बंद आहे, त्याबद्दल तुम्ही सगळ्या वैतागलायत. मीही वैतागलेय. ती बंद केलीय त्या वर बसलेल्या मुलीनं. ती माझी भाची आहे. तिला एका दाराची शंका आली आणि तिनं 'नाही' म्हटलं. आता नाही म्हटल्यावर काय होतं ते बघून घ्या, म्हणजे फलकावर लिहिलं नाही ते कळेल. आधी तुमच्याबरोबर काम करणारा म्हणतो तुला भास झाला. मग साहेब म्हणतात सोमवारी बघून घेतो. मग तुमची आई म्हणते तुला वळण नाही. आणि ज्या बायका तुम्हाला नाही म्हणायला शिकवायला आलेल्या असतात ना, त्यांच्या कमरा दुखायला लागतात."

पायऱ्यांवर खसखस पिकली. ताईच्या डोळ्यांत अंगार. मी थांबायला हवं होतं, पण एकदा उचलली जीभ की मला टाळ्याला लावल्याशिवाय चैन पडत नाही.

चौथ्या पायरीवरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पण दारात खरंच बिघाड आहे का?"

"मला तरी सापडला नाही," मी म्हटलं. "बहुतेक ती चुकलीय. पण कुलूप तिचं आहे. काढायचं की नाही हे तिनं ठरवायचं, चुकली तर चुकली. नोकरी गेली तर गेली. 'नाही'ला ही किंमत असते. ती परवडत असेल तर म्हणा, नाहीतर उगाच टाळ्या वाजवू नका."

या वेळी टाळ्या सगळ्यांत जास्त पडल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं भाषण जमलं होतं.

दुपारी कडी आली. बारकीनं एकटीनं बदलली, जुनी कडी खोलून पाहिली. स्प्रिंग कदाचित थोडी मऊ पडली असेल, कदाचित नसेल. मी हातात घेऊन दाबून पाहिली, मलाही सांगता येईना. मग ती वर जाऊन कुलूप काढून आली. लिफ्ट चालू झाली तेव्हा इमारतीत आम्ही दोघी आणि पहारेकरी एवढेच उरलो होतो. ताई कधीच घरी गेली होती, दोघींशीही न बोलता.

खाली गाड्या लावतात तिथं बारकी फडक्यानं हाताचं ग्रीस पुसत उभी होती. मी म्हटलं, "ऐकलंस का माझं भाषण? चांगलं झालं ना?"

तिनं फडकं घडी केलं. "सगळ्यांसमोर म्हणालीस, बहुतेक ती चुकलीय."

"अगं, पुढंही बोलले की मी. कुलूप तुझं म्हणाले. तुझी बाजूच घेतली."

"खालून घेतलीस."

"म्हणजे?"

"मावशी, मी तुला सल्ला मागितला नव्हता गं," ती म्हणाली. "काढायचं नाही ते मला माहीत होतं. मला भीती वाटत होती. सगळे ओरडत होते. तू नुसती तिथं माझ्याजवळ उभी राहिली असतीस तरी चाललं असतं. एक शब्द बोलली नसतीस तरी. पण तू पिशवी उचललीस आणि भाषण करायला गेलीस."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. मी म्हटलं, "मी तिथं थांबले असते तर साहेब म्हणाले असते मावशी पाठीशी घालतेय."

"म्हणू दे की. तसंही म्हणतातच."

ती तिच्या बसनं गेली. मी घरी आले आणि आल्या आल्या ताईचा फोन. तिनं मला भरपूर सुनावलं, मीही तिला दोन शब्द सुनावले, आणि शेवटी दोघी रडलो, ते वेगळंच. ताई म्हणाली, "तू साहेबांना भेट. काहीतरी बोल. तुला बोलता येतं." मी म्हटलं, नाही.

सोमवारी साहेबांनी बारकीला आत बोलावलं, तेव्हा मी तिच्या मागोमाग आत गेले. साहेबांनी भुवया वर केल्या.

"मॅडम, ठरलं होतं ना, तुम्ही मधे पडायचं नाही?"

"मधे पडत नाहीये. बाजूला उभी राहतेय."

"काही सांगायचंय?"

"नाही."

"मग बसा तरी."

"नको."

आणि उभी राहिले. बारकीच्या डाव्या हाताला, इतकी जवळ की तिचं कोपर मला लागत होतं. साहेबांनी तिला झाडायला सुरुवात केली. मालक तक्रार करतोय, मिस्त्रीसारख्या जुन्या माणसाचा अपमान झाला, बिघाड शून्य, एक अख्खा दिवस वाया. त्यातल्या प्रत्येक वाक्याला माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, एकापेक्षा एक झणझणीत. मी दातांवर दात धरून उभी होते. ताईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, दात झिजतील. बोलताना साहेबांची नजर सारखी माझ्याकडे जात होती, आता ही काय बोलते म्हणून. मी काही बोलत नाही हे बघून त्यांचा आवाज हळूहळू उतरला, आणि मधेच ते काय सांगत होते ते विसरले.

"आणखी सहा महिने उमेदवारी," ते शेवटी म्हणाले. "मग बघू. चालेल?"

सहा महिने! मी बारकीकडे पाहिलं नाही.

"चालेल," बारकी म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "पण साहेब, आधीच सांगते. परत असं झालं, खात्री वाटली नाही, तर मी परत कुलूप काढणार नाही. ते धरूनच मला ठेवायचं की नाही ते ठरवा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि समोरचं तिच्या उमेदवारीचं पत्र पुन्हा वाचल्यासारखं केलं.

"हे असं बोलायला तुम्ही शिकवलंत का हिला?"

तेवढ्यापुरतं तोंड उघडावंच लागलं. "छे हो," मी म्हटलं. "मी तर तिला रोज गप्प राहायला सांगत होते."